हेलिवेलांची चुलीची भिंत

अर्विन हेलिवेल आणि मी इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सला एकोणचाळीस वर्षं शेजारी राहिलो. आमची घरं एकाच दगडी ओळीतली. दोन्ही घरांच्या चुली एकाच भिंतीला पाठ लावून बसलेल्या, आणि दोन्ही धुराडी वर जाऊन एक झालेली. त्या भिंतीतून हेलिवेलांचं सगळं आम्हाला ऐकू यायचं आणि आमचं त्यांना. त्यामुळे रस्त्यात भेटल्यावर एकमेकांना विचारण्यासारखं फारसं काही उरायचं नाही. आम्ही हवेवर बोलायचो.

अर्विन गालिच्यांच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. माग केसभर जरी सरकला तरी त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. गिरणीत त्याचा शब्द शेवटचा. घरी त्याला शब्दच नव्हता. घरी तो फक्त "हो" म्हणायचा. घरात दोन बायका होत्या, एक आई आणि एक बायको, आणि तो दोघींनाही हो म्हणायचा. अशा माणसाला सुतारकाम यावं लागतं. अर्विनला यायचं.

त्याची आई केझायाबाई. नवरा लवकर गेला, त्यानंतर त्या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे बैठकीच्या खोलीतली बिडाची चूल. मधे जाळ, एका बाजूला पाव भाजायची भट्टी, दुसऱ्या बाजूला पाणी तापवायची टाकी, वर पितळी दांडी. सगळं मिळून पुरुषभर उंच. दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता केझायाबाई गुडघ्याखाली गोणपाट घालून बसायच्या आणि ब्रशने तिला काळं पॉलिश लावायच्या. तास, सव्वा तास. आमच्या घरात त्या ब्रशच्या आवाजावरून शुक्रवार कळायचा. चूल अशी चकाकायची की अर्विन तिच्यात बघून दाढी करतो असं गल्लीत म्हणत. ते खोटं होतं. टाय मात्र बांधायचा.

अर्विनने तिशीत लग्न केलं. बायको फिलिस. ती लोकरी कापडाच्या गिरणीत होती. विणून आलेलं कापड उजेडात धरायचं, बोटांनी चाचपायचं, गाठ किंवा सुटलेला धागा सापडला की सुईने असा दुरुस्त करायचा की तिथे काही झालं होतं हे कुणाला कळू नये. दिवसभर चुका शोधायच्या आणि बोभाटा न करता मिटवायच्या, हा तिचा धंदा. सासूला ती "आई" म्हणायची. फार राग आला की "मिसेस हेलिवेल" म्हणायची. भिंतीपलीकडून आम्हाला तेवढ्यावरून वातावरण कळायचं.

एकोणीसशे साठ साल उजाडलं आणि लोकांना आपापल्या चुलींची लाज वाटायला लागली. ज्याच्या त्याच्या घरी चुलीवर हार्डबोर्ड ठोकून भिंत सपाट करायची, तिच्यासमोर विजेची शेगडी ठेवायची, आणि वर रंगीत कागद चिकटवायचा. फिलिसने गिरणीतल्या मैत्रिणीकडे अशी भिंत बघितली आणि घरी येऊन अंगातला कोटसुद्धा न काढता म्हणाली, "अर्विन, आपणही करू या."

"हो," अर्विन म्हणाला.

"कोळसा नको, राख नको, काजळी नको. बटण दाबलं की ऊब."

"हो."

थोड्या वेळाने फिलिस स्वयंपाकघरात गेली आणि केझायाबाईंचा आवाज आला. "अर्विन, माझ्या चुलीला हात लावशील तर याद राख."

"हो, आई."

कागद निवडायला फिलिस एकटीच गेली आणि दगडी भिंतीचं चित्र छापलेला कागद घेऊन आली. करडे दगड, मधे सांध्यांच्या पांढऱ्या रेघा. केझायाबाईंनी गुंडाळी उलगडून पाहिली. मग खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या गावात घरं दगडाची, गिरण्या दगडाच्या, शेतांचे बांध दगडाचे, मेलेल्यांच्या उशाशी दगड.

"बाहेर बघ की पोरी," त्या म्हणाल्या. "फुकट आहे."

"हे धुता येतात, मिसेस हेलिवेल," फिलिस म्हणाली.

अर्विनने काम तीन आठवडे चालवलं. एवढ्या कामाला तीन दिवस पुरतात. मी एकदा डोकावलो तर तो चौकटीला बिजागऱ्या लावत होता.

"भिंतीला बिजागऱ्या?" मी विचारलं.

"हवा आज गार आहे," अर्विन म्हणाला.

भिंत तयार झाली आणि बघायला गल्ली लोटली. काम सुरेख होतं यात वाद नाही. दगडाला दगड जुळलेला, कागदाचा जोड कुठे आहे ते सापडेना. मधे विजेची शेगडी, तिच्यात लाल दिव्यावर पत्र्याचा पंखा फिरून जाळ हलल्यासारखा दिसायचा. वर एक फळी, आणि उजव्या हाताला घोडागाडीच्या साजावरचा एक पितळी घोडा शोभेला ठोकलेला. फिलिसने बोटं फिरवून सगळी भिंत तपासली आणि "छान," म्हणाली. केझायाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. त्या त्यानंतर तीन दिवस लेकाशी बोलल्या नाहीत. चौथा दिवस शुक्रवार होता.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता माझी बायको भांडी विसळत होती. अर्विन गिरणीत, फिलिस गिरणीत. आणि भिंतीतून ब्रशचा आवाज आला.

तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं, भिंतीलाच पॉलिश लावत बसली. ती धावत शेजारी गेली. पाहते तो काय, विजेची शेगडी चार चाकांवर बाजूला सरकवलेली, पितळी घोड्याला धरून अख्खी दगडी भिंत कपाटाच्या दारासारखी उघडलेली, आणि आत केझायाबाई गोणपाटावर बसून थंड चूल चकाकवत होत्या.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "वारा येतोय."

अर्विनने उभा जोड नेमका दगडांमधल्या छापील रेघांतून नेला होता. बिजागऱ्यांना तेल असं घातलेलं की चूं नाही की चां नाही. आईला त्याने गुरुवारी संध्याकाळी कानात सांगितलं, आणि बायकोला सांगितलं नाही. त्याच्या मते यात खोटं काही नव्हतं. दोघींना हो म्हटलं होतं, दोघींचं केलं होतं.

महिन्याभरात सगळ्या गल्लीला माहीत झालं. खाटकाला माहीत, दूधवाल्याला माहीत, आमच्या मेथडिस्ट चॅपलच्या पाद्र्यालाही माहीत. फक्त फिलिसला माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

फिलिसला तिसऱ्याच शुक्रवारी कळलं. हे आम्हाला नंतर समजलं. संध्याकाळी घरी येऊन तिने दिवा लावला आणि पितळी घोड्याच्या कडेला, चौथ्या ओळीतल्या दगडावर, तिला अंगठ्याचा ठसा दिसला. करड्यावर करडा. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. तिने घोडा जरा ओढून पाहिला, भिंत बोटभर पुढे आली, तिने ती परत लावली. मग स्वयंपाकघरातून शिळ्या पावाचा तुकडा आणला, ठशावर हलक्या हाताने घासला, चुरा ओंजळीत धरून बाहेर चिमण्यांना टाकला, आणि चहा ठेवला.

त्यानंतर दर शुक्रवारी हेच. सकाळी सासू पॉलिश लावायची आणि संध्याकाळी सून पावाने डाग पुसायची. दोघींमधे शब्द नाही. अर्विन मधे बसून वर्तमानपत्र वाचायचा. त्याला वाटायचं, आपण फार मोठी गोष्ट निभावून नेतोय.

माझ्या बायकोने एकदा फिलिसला बाहेर चुरा टाकताना पकडलं. "अगं, म्हणजे तुला माहीत आहे? मग बोलत का नाहीस?"

"बोलले तर बंद करायला सांगावं लागेल," फिलिस म्हणाली. "मग त्या शुक्रवारी काय करतील? मला पॉलिश लावतील."

असं दोन वर्षं चाललं. माझा अंदाज, आणखी वीस चाललं असतं. पण त्रेसष्टच्या जानेवारीत थंडी पडली. तसली थंडी आम्ही त्याआधी पाहिली नव्हती. नळ गोठले, कालवा गोठला, दुधाच्या बाटल्या दारात तडकल्या. सगळ्यांनी विजेच्या शेगड्या एकदम पेटवल्या आणि वीज जायला लागली.

एका रविवारी भर दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, ती गेली. फिलिसने गॅसच्या भट्टीतून यॉर्कशर पुडिंगचा, म्हणजे आमच्याकडच्या फुगीर खाऱ्या पावाचा, ट्रे नुकताच बाहेर काढला होता. पलीकडच्या खोलीत शेगडीतला लाल दिवा विझला, पंखा थांबला. तिघं अंगावर कोट घालून बसले. मी आणि बायको भिंतीच्या अलीकडे, आमच्या साध्या जुन्या चुलीसमोर. आम्ही काही आमची झाकली नव्हती. आळस, दुसरं काय.

पंधरा मिनिटांनी केझायाबाईंचा खोकला ऐकू आला, आणि मग फिलिसचा आवाज.

"अर्विन, उघड."

"काय उघडू?"

"भिंत उघड. तो उजवीकडचा घोडा ओढायचा."

माझ्या बायकोने विणकाम खाली ठेवलं.

"तुला कधीपासून माहीत?" केझायाबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या शुक्रवारपासून."

"आणि ते डाग? मला वाटायचं माझे हात स्वच्छ असतात."

"नसतात, आई. मी पुसते."

अर्विनला हे सगळं एकदम कळलं. त्याने उठून भिंत उघडली आणि आमच्याकडे कोळसा मागायला आला. मी बादलीभर दिला. "हवा फारच गार आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल होते, पण तसे सगळ्यांचेच होते.

चूल आरशासारखी होती. दोन वर्षं बंद असून तिच्यावर कण धूळ नव्हती. केझायाबाईंनी स्वतः कागद चुरगळले, काटक्या रचल्या, वर कोळसा ठेवला आणि काडी लावली. फिलिस बाजूला उभी राहून बघत होती. जाळ धरला. केझायाबाई हात शेकायला पुढे झाल्या.

अर्विन हा बारकाईचा माणूस. भिंत बांधताना गार वारा खाली येऊ नये म्हणून त्याने धुराड्याच्या गळ्यात गिरणीतल्या लोकरीच्या भुश्श्याचं पोतं गच्च कोंबलं होतं. ते तो साफ विसरला होता.

जळक्या लोकरीचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून समजणार नाही. मेंढ्यांचा अख्खा कळप एकदम तापल्यासारखा. धूर आधी त्यांच्या खोलीत आला, मग जिन्यात, आणि सांधीकोपऱ्यांतून आमच्याकडेही. पाच मिनिटांत पाचही जण रस्त्यावर बर्फात उभे. छापील दगडांचा कागद उष्णतेने सुटून दारातून लोंबताना दिसत होता. मी आणि अर्विन आत-बाहेर करून बादल्यांनी बर्फ टाकत होतो. जीवितहानी नाही. पोतं तासाभराने खाली पडलं आणि विझलं.

त्या सगळ्या गडबडीत फिलिसने पुडिंगचा ट्रे मात्र उचलून आणला होता. कपडे नाही आणले, दागिने नाही आणले, पुडिंग आणलं. तिने ते बर्फावर ठेवलं, तुकडे केले आणि पहिला सासूच्या हातात दिला.

"खाऊन घ्या, आई. गार होतंय."

केझायाबाईंनी खाल्लं. तोंड काजळीने काळं, डोक्यावर चॅपलला जायची टोपी. त्यांनी अर्विनकडे पाहिलं, फिलिसकडे पाहिलं, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा हे मला आजही सांगता येत नाही. पण फिलिसच्या घशातूनही तोच आवाज आला, आणि तिला खोकला नव्हता.

"याला कुणी हात लावू दिला माझ्या धुराड्याला?" केझायाबाई म्हणाल्या.

"मीच," फिलिस म्हणाली. "चूक झाली."

त्या दिवसापासून त्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे अर्विनने यापुढे त्या भिंतीला हात लावायचा नाही. एकमत झालेलं हे पहिलंच. दोघींना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे वाढवलं. वसंत आला तसं त्यांनी भिंत स्वतः करायला घेतली. केझायाबाई चौऱ्याहत्तरीच्या, त्यांनी खालचा अर्धा घेतला. फिलिसने शिडीवरचा.

त्या वसंतात भिंतीतून जे ऐकू यायचं त्याला भांडणच म्हणावं लागेल. पण दोघी त्यासाठी सकाळी लवकर उठायच्या.

"हिरवा रंग हवा," एक आवाज.

"हिरवा दवाखान्यात असतो, आई. पिवळ्या टाइल्स."

"पिवळ्या? चूल आहे की कस्टर्ड?"

"चूल तुमची राहतेय ना? मग बाजू माझी."

"मग मधे मधे काळी टाइल घाल. माझ्या चुलीला एकटं वाटायला नको."

घड्याळावरून तर चार दिवस गेले. केझायाबाईंना लग्नातलं टोल्यांचं घड्याळ फळीवर हवं होतं, फिलिसला सूर्यासारखे किरण असलेलं नवं. शेवटी दोन्ही बसली. दोन्हींमधे चार मिनिटांचं अंतर होतं आणि दोघी आपापल्या घड्याळाप्रमाणे वागायच्या.

भिंत पुरी झाली तेव्हा पुन्हा गल्ली बघायला आली. मी खरं सांगतो, तशी भिंत मी दुसरी पाहिली नाही. मधे काळीकुळकुळीत चूल, तिच्याभोवती छतापर्यंत पिवळ्याधमक टाइल्स, त्यांत कुठेही कशाही काळ्या, वर दोन घड्याळं, आणि तो पितळी घोडा, आता काही ओढायचं नसताना. शिवाय खालचा अर्धा आणि वरचा अर्धा एकमेकांना भेटायला निघाले होते पण भेटले नव्हते. टाइल्सची ओळ डावीकडे उतरत जायची. लोक "वा" म्हणाले, आणि बाहेर येऊन रस्ता ओलांडेपर्यंत गप्प राहिले.

दोघींना ती फार आवडली. शुक्रवारी आता दोन ब्रश ऐकू यायचे. फिलिसने गिरणीत सांगून शुक्रवारची सकाळ मोकळी करून घेतली होती.

अर्विन त्या भिंतीसमोर बसायचा. केसभर फरक आवाजावरून ओळखणारा माणूस. एका रविवारी दोघी चॅपलला गेल्या असताना मी मीठ मागायला गेलो तर तो पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसला होता.

"किती?" मी विचारलं.

"दीड इंच."

"सांगणार आहेस?"

त्याने पट्टी खिशात घातली. "तुला मीठ हवं होतं ना?"

केझायाबाई एकोणसत्तरच्या नोव्हेंबरमधे गेल्या. आठ दिवस अंथरुणाला, मग दुपारच्या झोपेतच. दफनाहून आल्यावर फिलिसने दोन्ही घड्याळांना चावी दिली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता फिलिस ती भिंत पाडेल, तिला हवी तशी करेल, कोण आहे अडवायला. फिलिसने दोन वर्षं काहीच केलं नाही. शुक्रवारी एक ब्रश ऐकू यायचा, आणि तोही आधीच्यासारखा एका दमात चालायचा नाही. मधेच थांबायचा, बराच वेळ, मग पुन्हा सुरू.

मग एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अर्विन, या भिंतीचं आईंना हवं ते झालं, मला हवं ते झालं. तुला काय हवंय ते आपण कधी विचारलंच नाही. सांग, तुला कशी हवी?"

"हो," अर्विन म्हणाला.

"हो काय? काय हवंय?"

"विचार करतो," तो म्हणाला.

त्याने अकरा आठवडे विचार केला. गिरणीत लोक त्याला विचारायचे, ठरलं का. मी त्याला म्हटलं, अरे, साधा पांढरा रंग सांग आणि मोकळा हो. तो मान हलवायचा. त्याची झोप उडाली असं फिलिसने माझ्या बायकोला सांगितलं. बावन्न वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी काय हवं ते विचारलं, तर तो बिचारा आत जाऊन शोधत होता, आणि त्याला त्या बाजूला वाट माहीत नव्हती.

बाराव्या आठवड्यात, मंगळवारी, जेवताना तो बोलला.

"भिंत राहू दे आहे तशी."

"आणि?"

"माझी खुर्ची फिरव."

"कुठे फिरवू?"

"खिडकीकडे. मला बाहेर बघायचंय."

फिलिसने काटा खाली ठेवलेला आम्हाला ऐकू आला. "एवढी वर्षं तुला बाहेर बघायचं होतं?"

"अगं, चुलीसमोर बसायचं असतं ना," अर्विन म्हणाला. "सगळे बसतात."

खुर्ची फिरवली. तेव्हापासून अर्विन भिंतीकडे पाठ करून बसायला लागला. पाठ शेकायची आणि डोळ्यांसमोर रस्ता. त्याच्या शेजारी फिलिसची खुर्ची, तिचं तोंड भिंतीकडे. दोघं उलट दिशांना तोंड करून, खांद्याला खांदा लावून बसायची. तो तिला बाहेरचं सांगायचा. आणि काय सांगावं, ज्याला वीस-बावीस वर्षं "हो"च्या पलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं तो माणूस बोलायचा थांबेना. कुणाचं कुत्रं सुटलं, कुणी नवा कोट घेतला, पाद्र्याने पावसात छत्री कशी उलटी केली. आम्हाला भिंतीतून सगळ्या गल्लीची खबर मिळायची. माझ्या बायकोने वर्तमानपत्र बंद करायचं म्हटलं होतं.

त्याला सगळ्यात आवडायच्या त्या चढावर अडकलेल्या गाड्या. आमची गल्ली उभी आहे, आणि बर्फ पडलं की खालून आलेली गाडी हमखास आमच्या दारापाशी थांबते. "फिलिस, आली!" तो ओरडायचा. "चाकं फिरताहेत, पण गाडी जागेवर. आता उतरला. आता लाथ मारतोय. आता वाळू मागायला येईल बघ." मग वाळूची बादली घेऊन स्वतःच बाहेर जायचा, पण जरा उशिराने. लगेच गेलं तर बघायला काय राहणार.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमधे, सकाळी अकराच्या सुमाराला, तो त्याच खुर्चीत गेला. फिलिस शेजारीच होती. तिला वाटलं, बोलायचा थांबला म्हणजे बाहेर काही घडत नसेल.

मी गेलो तेव्हा ती उभी होती, हात त्याच्या खांद्यावर. रडत नव्हती. म्हणाली, "क्लेम, तू रस्त्यावरच होतास ना मघाशी?"

"होतो."

"काय चाललं होतं बाहेर? तेव्हा?"

मी आठवून पाहिलं. "उशिरा बर्फ पडलंय ना. दूधवाल्याची गाडी चढावर अडकली होती. चांगली वीस मिनिटं."

फिलिसने वाकून खिडकीतून बघितलं. गाडी अजून तिथेच होती. दूधवाला चाकाला लाथ मारत होता.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "वाळूची बादली जिन्याखाली आहे. जरा थांबून ने."